न तपासलेला आकडा

कुलूप उघडलं की प्रणिता धकाते आपली खुर्ची भिंतीकडे फिरवायची. हा नियम कुठल्याही शासन निर्णयात नव्हता, तिचा तिनंच घालून घेतलेला होता. पडद्यावर कुणाच्या तरी गेलेल्या बापाचे, नवऱ्याचे, बहिणीचे वर्षानुवर्षं बंद असलेले कागद उलगडायचे आणि समोर बसलेला वारस ते वाचायला लागायचा. अशा वेळी त्याच्यासमोर परक्या माणसाचं तोंड असू नये, एवढंच तिचं म्हणणं. भिंतीवर संत्र्याच्या झाडाचं चित्र असलेलं एक जुनं कॅलेंडर होतं. सहा वर्षांत त्या झाडावरची संत्री तिनं इतक्यांदा मोजली होती की आता मोजायची गरज नव्हती. सत्तेचाळीस होती.

पाठीमागून काय काय ऐकू यायचं. कुणी हसायचं, कुणी नुसतंच नाक ओढायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं बायकोची रोजनिशी अर्धी वाचली आणि हळूच विचारलं, "बाई, हे परत बंद करता येते का जी?" येत नाही, असं तिनं भिंतीकडे पाहतच सांगितलं होतं.

नागपूरच्या या वारसा उकल केंद्रात जे यंत्र होतं, त्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. लोक त्याला अडकित्ता म्हणत, आणि नाव चपखल होतं. एके काळी जगातली सगळी गुपितं एका साध्या गोष्टीवर उभी होती : गुणाकार सोपा, फोड अवघड. सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न हे चौथीतलं पोर करून दाखवतं. पण नुसता २४९१ हा आकडा हातात देऊन, हा कुठल्या दोन संख्यांपासून झाला ते सांगा, म्हटलं तर भल्याभल्यांना घाम फुटतो. सत्तेचाळीस आणि त्रेपन्न या मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून त्यांना कशानंच भाग जात नाही, त्या आणखी फुटत नाहीत. अशाच तीन-तीनशे अंकी दोन मूळ संख्या घ्यायच्या, गुणायच्या, आणि येणारा सहाशे-सव्वासहाशे अंकी आकडा खुशाल दारावर लिहून ठेवायचा. हे झालं कुलूप. किल्ली काढायची तर ते दोन तुकडे हवेत, आणि तुकडे शोधता शोधता जुन्या संगणकांच्या पिढ्यान्‌पिढ्या संपल्या असत्या.

अडकित्ता हा पुंज संगणक, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर. तो एकेका संख्येनं भागून बघत बसत नाही. भागाकारात उरणाऱ्या बाक्या एका ठरावीक तालात पुन्हा पुन्हा येतात. तो ताल तो एका झटक्यात पकडतो आणि त्यावरून तुकडे काढून देतो. पूर्वी ज्याला सूर्याचं आयुष्य पुरलं नसतं, त्याला आता चाळीस मिनिटं लागत. मग कायदा आला. हयात माणसाचं कुलूप फोडायचं नाही, गेलेल्याचं फोडायचं, तेही वारसानं अर्ज केला तर. विदर्भातल्या वारसांची रांग केंद्राच्या दाराशी लागली.

पहिल्या वर्षी अर्ज आठ-आठ महिने पडून राहत. प्रणितानं बसून कामाची एकेक पायरी तपासली आणि निरुपयोगी पायऱ्या उडवल्या. त्यातली एक होती प्राथमिक तपासणी : यंत्रात घालण्याआधी आकडा स्वतःच मूळ संख्या आहे का ते बघायचं. बघायला पापणी लवण्याइतकाच वेळ लागायचा, पण तिच्यामागं एक फॉर्म, दोन सह्या आणि एक पूर्ण दिवस जायचा. आणि मूळ संख्येचं कुलूप करतो कोण? वर्षभरात आलेल्या हजारो आकड्यांत असा एकही निघाला नव्हता. तिनं ती पायरी काढून टाकली, रांग निम्म्यावर आली, आणि प्रणिताबाईंना शाल-श्रीफळ मिळालं. शाल अजून पिशवीतच होती. घरी दाखवायला कुणी नव्हतं.

दिवाळी दहा दिवसांवर आली होती तेव्हा एक पोक्त बाई टोकन न घेताच तिच्या टेबलापाशी आली. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून वह्यांचे कोपरे बाहेर डोकावत होते.

"धकाते मॅडम तुम्हीच का जी?"

"हो. बाहेर टोकन घ्या आधी."

"टोकनाचं काम नाही माझं. मी चंद्रकला. रामटेकहून आली. हेमराजभाऊच्या शेजारची."

प्रणितानं हातातला कागद खाली ठेवला. अठरा वर्षांत हे नाव तिच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं.

"काय झालं दादाला?"

"गेले ना जी. बावीस दिवस झाले. झोपीतच गेले, काही तरास नाही झाला. तुमचा पत्ता कोणाजवळच नव्हता. काल त्यांच्या वह्या बांधाले घेतल्या तं एका वहीत तुमचं नाव अन् हापिस सापडलं."

"अग्नी कुणी दिला?"

"माझ्या लेकानं देल्ला. तुम्ही मनात काही आणू नका." चंद्रकलाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "आम्हाले वाटलं, तुम्हाले कळलंच असंल. तुम्ही तं दरवर्षी भेटतच होत्या."

"दरवर्षी?"

"भाऊबीजेले. भाऊ नेमानं नागपूरले जात ना. धुतलेला सदरा घालून, सकाळच्या बसनं. डब्यात संत्रा बर्फी असे. संध्याकाळी आले की मी विचारो, काय म्हणते भाऊ बहीण? तं म्हणत, बरी आहे. तुमच्याकडंच येत होते ना?"

"हो," प्रणिता म्हणाली. "यायचा."

ती खोटं का बोलली ते तिलाही सांगता आलं नसतं. हेमराज अठरा वर्षांत एकदाही तिच्या दारात आला नव्हता. चंद्रकलाबाईंना तिनं चहा पाजला, बस स्टँडपर्यंत रिक्षा करून दिली आणि परत येऊन राहिलेले चार अर्ज निकालात काढले. चारही वेळा खुर्ची फिरवली. चौथ्या वेळी वारस निघून गेला तरी ती भिंतीकडेच पाहत बसली होती.

दोघं भावंडं अजनीच्या रेल्वे क्वार्टरात वाढली. वडील वर्कशॉपमध्ये फिटर होते. क्वार्टरांच्या मागं एक बुटकी भिंत होती आणि भिंतीपलीकडून दिवसभर मालगाड्या जात. हेमराज चार वर्षांनी मोठा. तो भिंतीवर बसून डब्यावरच्या आकड्यातले शेवटचे चार अंक मोठ्यानं वाचायचा, आणि चिमीनं, म्हणजे प्रणितानं, पुढचा डबा यायच्या आत सांगायचं, फुटतो की नाही फुटत. फुटत असेल तर तुकडा दाखवायचा. "२४९१!" "फुटतो! सत्तेचाळीसनं!" "२५०३!" आणि मग बराच वेळ बोटं हलायची, ओठ हलायचे, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडायची, "नाही फुटत!" त्याबद्दल बर्फीचा एक तुकडा मिळे. खेळाचा एकच नियम होता. ज्यानं आकडा सांगितला त्यानं उत्तर द्यायचं नाही. उत्तर दुसऱ्यानंच द्यायचं.

मोठेपणी त्यांनी याच खेळाचा धंदा केला. इतवारीत एका खोलीत दोघं दवाखान्यांसाठी, पतपेढ्यांसाठी कुलुपं करत. हेमराज मूळ संख्या काढायचा, प्रणिता तपासायची. तिनं तपासल्याशिवाय एकही आकडा खोलीच्या बाहेर गेला नाही. मोठ्या कंपन्यांची कुलुपं चुकली असतील, धकात्यांचं एकही चुकलं नाही, आणि याचा दोघांनाही माज होता.

मग पुण्याच्या प्रयोगशाळेतून प्रणिताला बोलावणं आलं. तिथं अडकित्ता घडत होता.

"लोकांनी भरवशानं आपल्यापाशी ठेवलं," हेमराज म्हणाला होता, "अन् तू ते फोडाले चालली?"

"मी नाही गेले तर दुसरं कुणी फोडेल, दादा. हे होणारच आहे."

"होऊ दे ना. माझी बहीण त्याच्यात नको."

"मग तू बस इथं मालगाड्या मोजत. मला कंटाळा आलाय. यापुढं तुझे आकडे तूच तपास."

तो काही बोलला असता तर कदाचित भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. ती पुण्याला गेली, बारा वर्षांनी अधिकारी होऊन नागपुरात परतली, आणि तोवर तो खोली बंद करून रामटेकच्या एका शाळेत गणित शिकवायला गेला होता.

पुण्याला गेली त्याच वर्षी भाऊबीजेच्या सकाळी तिच्या फोनवर त्याचं टपाल आलं. एक कुलूपबंद पत्र आणि सोबत कुलपाचा सहाशे सतरा अंकी आकडा. एक शब्द उघडा नाही. त्यानंतर दर भाऊबीजेला एकेक पत्र येत गेलं, कुलूप तेच. प्रणितानं त्याचा अर्थ तेव्हाच लावून टाकला होता. बंद पेटी पाठवायची आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे दुसरं काय? तुझ्या त्या यंत्रानं फोडून दाखव, हेच. मोठी आलीस फोडणारी! कायद्यानं हयात माणसाचं कुलूप तिला फोडता येत नव्हतं, आणि येत असतं तरी ती त्याला ते सुख देणार नव्हती. ती पत्र बाजूला ठेवायची आणि दिवसभर धुमसत बसायची. संध्याकाळी बीजेची कोर दिसली की शेजारणी हाक मारत, प्रणिताताई, या, चंद्राला ओवाळा. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, मला भाऊ आहे, असं म्हणून ती गॅलरीचं दार लावून घ्यायची.

आता ती वारस होती.

स्वतःचा अर्ज स्वतः हाताळता येत नाही, म्हणून तिनं तो यंत्रचालक ठवरेंकडे दिला. वासुदेव ठवरे निवृत्तीला आले होते, फारसं विचारत नसत. अर्जावर नातं या रकान्यात 'बहीण' लिहिलेलं पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"मॅडम, रांगेत लावतो. मधात घुसवत नाही, तुम्हालेच आवडणार नाही."

"रांगेतच लावा."

पाचव्या दिवशी सकाळी पाळी आली. चाळीस मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली : विभाजक सापडला नाही. याचं काही विशेष नव्हतं. अडकित्ता शंभरातून चार-पाच वेळा ताल चुकतो, दुसऱ्या खेपेला बरोबर पकडतो. दुसऱ्या खेपेला तीच ओळ आली. नियमाप्रमाणे तीन खेपा मिळतात, मग फाइल 'न उकललेले' असं लिहिलेल्या कपाटात जाते आणि तिथून परत येत नाही.

प्रणिता तिसरी खेप लावायला तयार होईना. यंत्र पुरेसं थंड आहे का ते तिनं तपासायला लावलं, तारा तपासायला लावल्या, आकडा पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत ताडून पाहिला. अठरा पत्रं होती. त्यात शिव्या असतील, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं, आणि शिव्याही चालणार होत्या. तिला एवढंच कळायला हवं होतं की दर भाऊबीजेला बर्फीचा डबा घेऊन तिचा भाऊ कुठं जात होता, आणि मरताना तिच्याविषयी त्याच्या मनात काय होतं. ते सांगणारं त्या पत्रांखेरीज जगात काही उरलं नव्हतं. वह्या तिनं पालथ्या घातल्या होत्या. त्यात पोरांची गणितं होती.

दुपारी तीन वाजता तिसरी खेप संपली. ठवरे तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मान खाली होती.

"यंत्राचा दोष नाही मॅडम. मधात दुसऱ्यांचे सात आकडे फोडले, चण्यासारखे फुटले. हाच एक आहे. काही केल्या नाही फुटत."

"काय म्हणालात?"

"नाही फुटत, म्हटलं."

अजनीच्या भिंतीपाशी प्रणिता हेच दोन शब्द ओरडत असे. मग तिनं खुर्ची पुढं ओढली आणि टेबलावरचा साधा, हिशेबाचा संगणक सुरू केला. घाईत दोनदा चुकीचं लिहिलं गेलं.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे कळायला ती फोडून पाहावी लागत नाही, ही गणितातली एक मोठी गंमत आहे. संख्येतून एक वजा करा. जे येईल तितके दोन मांडा, सगळे एकमेकांशी गुणा, आणि आलेल्या गुणाकाराला मूळच्या संख्येनं भागा. संख्या मूळ असेल तर बाकी हटकून एकच उरते. सात घ्या : सहा दोनांचा गुणाकार चौसष्ट, त्याला सातनं भागलं की बाकी एक. नऊ घ्या : आठ दोनांचा गुणाकार दोनशे छप्पन्न, नऊनं भागलं की बाकी चार. म्हणजे नऊ फुटतो, आणि तो तीननं फुटतो हे आपल्याला माहीत असण्याचीही गरज पडली नाही. क्वचित एखादी लबाड संख्या दोनाला फसवते, म्हणून तीन, पाच, सात घेऊन पुन्हा बघतात. सहाशे सतरा अंकी संख्येलाही या कामाला साधा संगणक पुरतो, कारण गुणाकाराला आडवाटा आहेत. प्रणितानं आयुष्याची अकरा वर्षं रोज हेच काम केलं होतं.

दोन घेऊन बाकी एक आली. तीन घेऊन एक. पाच घेऊन एक. सात, अकरा, तेरा, सतरा. एक, एक, एक, एक.

"मूळ आहे," ती म्हणाली.

"कोणता, हाच?" ठवरे वाकून बघायला लागले. "मूळ संख्येचं कुलूप कोण करते जी?"

कुणीच करत नाही. किल्ली निघते ती तुकड्यांतून. दोन तुकडे असतील तर दोन्हींतून एकेक वजा करून गुणायचं आणि त्यावरून किल्ली काढायची. म्हणून तर तुकडे लपवायचे असतात. पण आकडा स्वतःच मूळ असला तर तुकडा तोच, एकच, आणि तो तर जगाला दिसेल असा दारावर लिहिलेला. त्यातून एक वजा केलं की झालं. कुलूप लावून किल्ली त्यालाच दोऱ्यानं बांधून ठेवण्यातला हा प्रकार. चोराला ते कळत नाही, कारण चोर फोडायच्या नादात असतो. अडकित्त्यालाही कळलं नव्हतं, कारण त्याला फोडण्यापलीकडं काही शिकवलेलंच नव्हतं.

"मॅडम, हे तं कुलूपच नाही."

"नाही, ठवरे. कधीच नव्हतं."

"पयले आपण बघत होतो ना हे? प्राथमिक तपासणीत? तुम्हीच मग..." ठवरेंना वाक्याचं पुढचं टोक दिसलं आणि त्यांनी ते गिळून टाकलं.

तिनं आकड्यातून एक वजा केला. किल्ली निघायला निमिषही लागलं नाही. पडद्यावर अठरा पत्रं एकाखाली एक उलगडली. ठवरेंनी एक खुर्ची ओढली, ती भिंतीकडे फिरवली आणि कॅलेंडरवरची संत्री बघत बसले.

पहिलं पत्र असं होतं :

'चिमे, तू म्हणाली तुझे आकडे तूच तपास. पण आपला नियम तुले माहीत आहे. म्हणून हा आकडा तुझ्याकडं पाठवून राहिलो. तपासला असशील, अन् हसली असशील, अन् आता हे वाचून राहिली असशील. उघडं लिहायची मला लाज वाटत होती. माफी मागायची सवय नाही ना आपल्या घरात कोणाले. मी चुकलो. तुझ्या कामाले नावं ठेवायचा मला काय अधिकार? तू जे करशील ते नीटच करशील. आज पुण्याहून येशील का ते माहीत नाही, पण चार वाजता मी अजनीच्या भिंतीवर आहे. बर्फी आणली आहे. नाही आली तं समजीन की राग अजून आहे.'

दुसऱ्या पत्रात राग अजून आहे हे त्यानं समजून घेतलं होतं. तिसऱ्यात शाळेतली पोरं होती. सहाव्यात त्यानं लिहिलं होतं, 'भिंत पाडली. आता पादचारी पुलावर थांबत जाईन, तिथूनही डब्यांचे आकडे दिसतात. बर्फी उरते ती बसमधल्या लोकांना वाटतो.' बारा पत्रांनंतर ती नागपुरात आल्याचं त्याला कळलं होतं. 'आता तू पुलापासून दोन किलोमीटरवर आहेस. तुझ्या दारात यावंसं वाटते. पण तू वाचूनही येत नाहीस, म्हणजे तुले नकोच असंल. जबरदस्ती करणार नाही.'

चौदावं पत्र तिला दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा डोळ्यांपुढं अक्षरं टिकली नाहीत.

'कधी कधी मनात येते, हिनं आकडा तपासलाच नसंल तर? मग माझं मलाच हसू येते. चिमी अन् न तपासता सोडंल? एक वेळ सूर्य पश्चिमेले उगवंल.'

शेवटचं गेल्या वर्षीचं होतं. शब्दांतसुद्धा दम लागलेला कळत होता.

'गुडघ्यानं पुलाच्या पायऱ्या चढवत नाहीत, तरी येतो. राग किती दिवस ठेवशील हे विचारणार नाही. शेजारच्या बाई म्हणतात, भाऊ, तुम्ही एकटे राहता, करमते कसं? मी म्हणतो, एकटा कुठं? वर्षातून एक कागद माझी बहीण वाचते. मला तेवढं पुरते.'

प्रणिताला वाटलं, रडू येईल. आलं नाही. अठरा वर्षं तो पुलावर उभा राहिला तो एका विश्वासावर, की तिनं वाचलंय. आणि तिनं त्या आकड्याकडं अठरा वर्षं नुसतं पाहिलं होतं, अपमान म्हणून. पापणी लवायच्या आत होणारी तपासणी, जी करण्यात तिचं आख्खं तरुणपण गेलं, ती एकदाही केली नव्हती. तिचा राग केव्हाच संपून गेला होता, पण हे सांगायला ती कुणाकडं जाणार होती? त्याची माफी तिच्यापर्यंत आली होती. तिची आता कुठंच पोचणार नव्हती.

"ठवरे," ती शेवटी म्हणाली, "वळा आता. झालं माझं."

ठवरे वळले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "चहा सांगू का?"

"नको. तो जुना फॉर्म आहे का कपाटात? प्राथमिक तपासणीचा?"

"असंल ना. दोन सह्यांचा."

"काढा. उद्यापासून तो परत सुरू."

भाऊबीजेला केंद्र बंद होतं. सकाळपासून फोनकडं बघायचं नाही असं ठरवूनही तिनं चारदा पाहिलं. टपाल नव्हतं. दुपारी ती धुतलेली साडी नेसली, सीताबर्डीवरून पाव किलो संत्रा बर्फी घेतली आणि अजनीच्या पादचारी पुलावर गेली. क्वार्टरांच्या जागी आता उंच इमारती होत्या. भावाच्या घरी किंवा बहिणीच्या घरी निघालेली माणसं पोरांना ओढत पुलावरून जात होती, मधोमध कठड्याशी उभ्या असलेल्या बाईला वळसा घालत होती. कठड्यावर एका ठिकाणी रंग घासून गेला होता, माणसाच्या कोपराच्या उंचीवर. तो त्याच्याच कोपरानं गेला असेल असं समजायला काही आधार नव्हता. तिनं आपले कोपर तिथंच टेकले.

चार वाजून पाच मिनिटांनी दक्षिणेकडून मालगाडी आली. पुलाखालून पहिले डबे इतक्या वेगानं गेले की तिला आकडे दिसलेच नाहीत. मग गाडी सिग्नलसाठी हळू झाली आणि एक तपकिरी डबा अगदी सावकाश पुढं आला.

"४०८७!" प्रणिता मोठ्यानं ओरडली.

शेजारून जाणारं एक कुटुंब दचकून थांबलं आणि पुढं गेलं. तिला उत्तर लगेच कळलं होतं. एकसष्ट गुणिले सदुसष्ट, इतकं सोपं. पण आकडा सांगणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं. ती बर्फीच्या डब्याचं झाकण उघडून, एक तुकडा हातात धरून उभी राहिली. पुढचा डबा आला. मग त्याच्यामागचा आला, मग त्याच्याही मागचा. शेवटचा डबा पुलाखालून निघून गेला तरी ती वाट बघत होती.